उंदराची साक्ष : स्किझोफ्रेनियाविषयक मेंदूरसायन संशोधनाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

'मेंदूत डोपामिन वाढले की स्किझोफ्रेनिया होतो' हे वाक्य मराठीतील आरोग्यविषयक सदरांत, मानसशास्त्राच्या मार्गदर्शक पुस्तिकांत आणि अनेकदा वर्गातील फळ्यावरही आढळते. वाक्य सुटसुटीत आहे व परीक्षेत दोन गुण हमखास मिळवून देणारे आहे. मात्र ते ज्या ठामपणे लिहिले जाते त्या ठामपणे ते सिद्ध झालेले नाही. ज्या पुराव्यावर ते उभे आहे त्यातील बराच मोठा भाग प्रयोगशाळेतील उंदरांकडून आलेला आहे, आणि उंदराने जे सांगितले ते प्रामुख्याने औषधाविषयी होते, आजाराविषयी नव्हते. या दोन विधानांतील अंतर पुसले गेले की संशोधनाचे वाचन बिघडते. महाराष्ट्राशी नाते असलेल्या काही संशोधनप्रसंगांच्या आधारे हे अंतर प्रस्तुत लेखात तपासले आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. हा आजार बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा ऐन तारुण्यात, म्हणजे महाविद्यालयीन वयातच डोके वर काढतो. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावातील एखादा विद्यार्थी वर्गात येईनासा होतो, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवीत आहे असे म्हणू लागतो, कानात आवाज येतात असे सांगतो. घरचे लोक आधी देवऋषी, मग तालुक्याचा दवाखाना, मग जिल्ह्याचे ठिकाण असा प्रवास करतात. तेथे 'मेंदूतील रसायन वाढले आहे, गोळीने उतरेल' एवढेच त्यांना कळते. काही दिवसांनी मुलाचे अंग ताठू लागते, चेहरा निर्विकार होतो, हात थरथरतात. रसायन उतरत असेल तर मुलगा असा का झाला, याचे उत्तर त्या एका वाक्यात नसते. मग गोळी बंद होते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला खरा. परंतु गोळी नेमके काय करते याविषयीचे अज्ञान त्यानंतरही फारसे हटलेले नाही.

येथे एक भाषिक अडचणही नोंदवली पाहिजे. इंग्रजीत 'रॅट' आणि 'माऊस' हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघेही उंदीरच. घूस हा तिसराच प्राणी. शरीराचे वजन, औषध पचवण्याचा वेग, शिकण्याची रीत या सर्व बाबतींत रॅट आणि माऊस परस्परांहून वेगळे आहेत, आणि एकावरील निष्कर्ष दुसऱ्यालाही जसाच्या तसा लागू पडत नाही. मग माणसाची गोष्ट दूरच राहिली. पुढील विवेचनात जेथे भेद महत्त्वाचा आहे तेथे तो स्पष्ट केला आहे.

सर्पगंधेपासून डोपामिनपर्यंत

या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेचे मूळ उन्मादावर व उच्च रक्तदाबावर उपयोगी पडते, असा निबंध कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला होता. भारताबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी त्याचा मनोरुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन यांच्याबरोबर वकील यांचेही नाव आहे.

येथवर उंदराचा फारसा संबंध आलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. औषध माणसावर गुणकारी ठरले. ते का गुणकारी ठरते हे शोधण्यासाठी प्राणी नंतर आले. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत रिसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन रिते होते असे दिसले. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये त्याहून निर्णायक प्रयोग केला. रिसर्पिन दिलेले ससे व उंदीर निपचित पडत. त्यांना सेरोटोनिनचा पूर्वघटक देऊन काही साधले नाही. एल-डोपा हा डोपामिनचा पूर्वघटक टोचला, तेव्हा प्राणी थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. डोपामिन हे केवळ दुसऱ्या रसायनाचे कच्चे द्रव्य नसून मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, या निष्कर्षाकडे नेणारा हा प्रयोग होय. कार्लसन यांना २००० चा नोबेल पुरस्कार मिळाला तो डोपामिनवरील कार्यासाठी.

परंतु निपचित पडलेला तो प्राणी कोणत्या आजाराचे चित्र होता? स्किझोफ्रेनियाचे निश्चितच नव्हे. तो कंपवाताचे चित्र होता, आणि त्या प्रयोगाचे सर्वात भक्कम फळ कंपवाताच्या रुग्णांनाच मिळाले. एल-डोपा हे आजही कंपवातावरील मुख्य औषध आहे. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत मात्र अनुमानाची दिशा उलटी होती. १९६३ मध्ये कार्लसन व लिंडक्विस्ट यांनी क्लोरप्रोमॅझिन व हॅलोपेरिडॉल दिलेल्या माऊसच्या मेंदूत डोपामिनच्या विघटनाचे अवशेष वाढलेले दाखवले. औषध ग्राहीस्थान अडवते, म्हणून पेशी अधिक डोपामिन सोडते, असा अर्थ त्यांनी लावला. १९७५-७६ मध्ये सोलोमन स्नायडर व फिलिप सीमन यांच्या गटांनी वासराच्या मेंदूतील ऊतीवर दाखवून दिले की जे औषध डोपामिनच्या ग्राहीस्थानाला जितके घट्ट चिकटते तितकी त्याची रुग्णाला लागणारी मात्रा कमी असते. आलेख अतिशय देखणा आहे. त्याच्या आधारे 'औषध डोपामिन अडवते, म्हणून आजार म्हणजे डोपामिनचा अतिरेक' अशी उडी घेतली गेली. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो म्हणून रक्तदाब हा सर्पगंधेच्या अभावाचा विकार ठरत नाही. येथेही तर्क याच जातीचा आहे.

या गृहीतकाला पुढे माणसांकडून स्वतंत्र आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. १९९६ मध्ये मार्क लारुएल यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमांवरून, अँफेटामिन दिल्यावर रुग्णांच्या मेंदूत निरोगी माणसांपेक्षा अधिक डोपामिन सुटते, असे दाखवले. पण तो आधार रुग्णांच्या एका भागाला व लक्षणांच्या एका गटाला, म्हणजे भास व संशयाला, लागू पडतो. उत्साह ओसरणे, माणसांत न मिसळणे, विचारांची पकड सुटणे ही जी लक्षणे कुटुंबाला सर्वाधिक काळ सोसावी लागतात, त्यांचा उलगडा त्याने समाधानकारक होत नाही.

सोलापूर आणि कराड

उंदराला त्याच्या मर्यादेत ठेवून केलेले संशोधन कसे असते, याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागातील जे. जे. बलसारा, जे. एच. जाधव, ए. जी. चांदोरकर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये 'सायकोफार्माकॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. एक हॅलोपेरिडॉलमुळे येणाऱ्या ताठरपणावर होता, दुसरा मेथअँफेटामिनमुळे रॅटमध्ये दिसणाऱ्या त्याच त्या हालचालींच्या पुनरावृत्तीवर. दोन्हींत प्रश्न एकच : या डोपामिनाधिष्ठित वर्तनावर सेरोटोनिनचा काय प्रभाव पडतो?

ताठरपणाची चाचणी साधी असते. प्राण्याचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो ते खाली घेईपर्यंत किती वेळ जातो हे घड्याळावर मोजायचे. निरोगी उंदीर क्षणात उतरतो. हॅलोपेरिडॉल दिलेला उंदीर ठेवला तसाच राहतो. महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ते काटेकोर निरीक्षण, मात्रेचे भान आणि चिकाटी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून जागतिक दर्जाचे काम होऊ शकत नाही असे मानणाऱ्यांनी हे निबंध अवश्य वाचावेत. सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणाऱ्या औषधांनी ताठरपणा वाढतो व तो अडवणाऱ्या औषधांनी घटतो, असे सोलापूरच्या गटाला आढळले. डोपामिन व सेरोटोनिन ही दोन खाती वेगळी नाहीत, एकाचा लगाम दुसऱ्याच्या हाती आहे, हा त्यातील आशय पुढील पिढीतील औषधांच्या चर्चेत मध्यवर्ती ठरला.

या निबंधांची खरी थोरवी त्यांच्या संयमात आहे. ताठरलेला उंदीर हा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे असे ते म्हणत नाहीत. हॅलोपेरिडॉल घेतल्यावर काय होते एवढेच ते विचारतात. आणि नेमके तेच उत्तर रुग्णाच्या घरी हवे असते. मुलाचे अंग ताठते ते आजार बळावल्यामुळे नव्हे. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागातही डोपामिन काम करते आणि गोळी तेथेही ते अडवते. दांडीवर पाय ठेवून बसलेला तो उंदीर ही गोष्ट कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा स्पष्टपणे दाखवतो. हॅलोपेरिडॉल आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, तेव्हा हे ज्ञान जुने झालेले नाही.

पंचवीस वर्षांनी, २००५ मध्ये, बलसारा व सहकाऱ्यांचा आणखी एक निबंध त्याच नियतकालिकात आला. या वेळी कराडच्या कृष्णा वैद्यकीय विज्ञान संस्थेतून. ट्रॅझोडोन या नैराश्यावरील औषधाचा रॅटवरील परिणाम त्यात तपासला आहे. प्रतिकिलो २० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत औषधाने ताठरपणा आणला नाही, उलट हॅलोपेरिडॉलचा ताठरपणा कमी केला. ३० ते ५० मिलिग्रॅमच्या मात्रेत मात्र त्याच औषधाने स्वतः ताठरपणा आणला. एकच औषध, मात्रा बदलताच वागणूक उलटी.

येथे वाचकाने थांबून हिशेब करणे इष्ट ठरते. रॅटची मात्रा माणसावर आणताना शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात साधारण सहाने भागण्याची पद्धत आहे. ३० मिलिग्रॅम म्हणजे माणसासाठी प्रतिकिलो सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजेच ६० किलोच्या रुग्णास दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. ही मात्रा प्रत्यक्ष व्यवहारातील आहे. पण पोटात टोचलेले औषध आणि तोंडाने घेतलेली गोळी एक नव्हे. शिवाय उंदराचे शरीर ही औषधे माणसापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर टाकते. टोरांटोचे शितिज कपूर व सहकारी यांनी २००३ मध्ये हा आक्षेप नेमकेपणाने मांडला : माणसाच्या मेंदूत हॅलोपेरिडॉलचा अंमल दिवसभर टिकतो, रॅटमध्ये तो काही तासांत ओसरतो, त्यामुळे दिवसाकाठी एक टोचणी दिलेला रॅट हा रोज गोळी घेणाऱ्या रुग्णाचा प्रतिनिधी मानता येत नाही. त्या वेळेपर्यंतच्या असंख्य प्रयोगांना हा आक्षेप लागू होता, आणि अनेक नव्या प्रयोगांनाही लागू आहे.

याच चाचणीच्या अतिविश्वासाचा धोका क्लोझापिनने दाखवून दिला. ज्या काळी ताठरपणा आणणे हीच मनोविकारावरील औषधाची खूण समजली जाई, त्या काळी क्लोझापिन उंदराला ताठरवत नव्हते. फिनलंडमध्ये १९७५ मध्ये पांढऱ्या रक्तपेशी घटून काही रुग्ण दगावल्यावर ते अनेक देशांत मागे पडले. तरी डॉक्टरांनी रुग्णांत पाहिलेला गुण विसरला गेला नाही. १९८८ मध्ये जॉन केन यांच्या गटाने इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांत ते तपासले, तेव्हा क्लोझापिनवर सुमारे ३० टक्के आणि क्लोरप्रोमॅझिनवर अवघे ४ टक्के रुग्ण सुधारले. दांडीच्या चाचणीत अनुत्तीर्ण ठरणारे औषध कठीण रुग्णांसाठी सर्वोत्तम निघाले.

ऑगस्टा ते पुणे

तिसरा प्रसंग सर्वात महत्त्वाकांक्षी आणि म्हणूनच सर्वाधिक चिकित्सेला पात्र आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात साहेबराव महाडिक यांच्या गटाने डोपामिनऐवजी पेशींच्या आवरणाकडे लक्ष वळवले. मेंदूतील पेशींचे आवरण बहुअसंपृक्त मेदाम्लांनी बनलेले असते. ती सहज ऑक्सिडीकृत होतात, आणि ती वाचवण्यासाठी पेशीकडे काही विकरे असतात. विनय पारीख, खान व महाडिक यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रॅटना ४५ व ९० दिवस निरनिराळी औषधे दिली. हॅलोपेरिडॉलमुळे मेंदूतील ही संरक्षक विकरे घटली व मेदांच्या ऱ्हासाच्या खुणा वाढल्या. नव्या पिढीतील औषधांत तसे आढळले नाही.

याच सुमारास पुण्यात प्रभाकर रांजेकर व सहकारी, महाडिक यांच्या सहभागाने, रुग्णांचे रक्त तपासत होते. रुग्णांच्या लाल पेशींत ॲराकिडॉनिक व डोकोसाहेक्झानोइक आम्ल कमी असल्याचे त्यांना दिसले. पण रॅटवरील प्रयोगानेच एक प्रश्न उभा केला होता. औषधच जर ऱ्हास घडवत असेल, तर रुग्णाच्या रक्तातील कमतरता आजाराची मानायची की औषधाची? याचे उत्तर उंदीर देऊ शकत नाही, कारण त्याला आजार नाही. म्हणून पुण्याच्या गटाने कधीच औषध न घेतलेले रुग्ण व औषध घेणारे रुग्ण यांची तुलना केली (२००३). कमतरता औषध न घेतलेल्यांतही होती, किंबहुना अधिक ठळक होती. तर्काच्या दृष्टीने सर्व प्रसंगांतील ही सर्वात भक्कम पायरी आहे.

मात्र या पायरीखाली एक अस्वस्थ करणारी वस्तुस्थिती दडलेली आहे. ज्या समाजात रुग्ण पहिल्या लक्षणांनंतर लगेच दवाखान्यात पोहोचतो तेथे औषध न घेतलेला रुग्ण मिळणे कठीण. आपल्याकडे तो मिळतो, कारण उपचार उशिरा पोहोचतात. संपूर्ण महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी मोजकी आहेत. संशोधनाची ही संधी आरोग्यव्यवस्थेच्या उणिवेतून आली आहे, याची चर्चा या विषयावरील लेखनात क्वचितच आढळते. उपचार सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेणे सर्वथा नीतीस धरून आहे. पण त्या रुग्णाची आधीची उपचारहीन वर्षे कुणाच्या हिशेबी धरायची?

दुसरा आक्षेप आहाराचा. ओमेगा-३ मेदाम्ले शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. विदर्भात जवसाची चटणी ताटात असते, पण जवसातील आम्लाचे डोकोसाहेक्झानोइक आम्लात रूपांतर माणसाच्या शरीरात फारच थोडे होते. कोकणातील मासे खाणाऱ्याला ते आयते मिळते. खाण्यापिण्याकडे दुर्लक्ष हे तर या आजाराचे नित्याचेच लक्षण. समान जीवनशैलीचे निरोगी लोक तुलनेस घेऊनही हा गुंता पूर्ण सुटत नाही. लाल पेशीचे आवरण हे मेंदूपेशीच्या आवरणाचे विश्वासार्ह प्रतिबिंब आहे का, हा प्रश्न तर वेगळाच.

त्याच वर्षी 'स्किझोफ्रेनिया रिसर्च'मध्ये अरविंदाक्षन व सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांना चार महिने सकाळ-संध्याकाळ ओमेगा-३ मेदाम्ले आणि ई व क जीवनसत्त्वे दिल्याचा अहवाल दिला. लक्षणे घटली, जीवनमान सुधारले. पुढील चार महिने पूरक द्रव्ये थांबवली. रक्तातील मेदाम्ले पूर्वपदावर आली, पण सुधारणा टिकून राहिली. लेखकांनी हे जसेच्या तसे नोंदवले ही त्यांची सचोटी. पण या निरीक्षणाचे वाचन दोन प्रकारे होते. पेशीत झालेली दुरुस्ती टिकली, असे म्हणता येते; किंवा सुधारणेचा मेदाम्लांशी संबंधच नव्हता, नियमित भेटी, आस्थेने विचारपूस व गोळ्या वेळेवर घेतल्या जाणे यांचे ते फळ होते, असेही म्हणता येते. तुलनेसाठी निष्क्रिय गोळीवरील गट नसल्याने दोहोंत निवड करण्याचा मार्ग राहत नाही. असा गट आवश्यक आहे हे लेखकांनीच म्हटले होते.

पुढे तसे प्रयोग झाले. नॉर्वेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांवरील अभ्यासात, रक्तात मेदाम्ले कमी असलेल्या रुग्णांना मेदाम्ल किंवा जीवनसत्त्वे वेगवेगळी दिली असता भास व संशय वाढले. दोन्ही एकत्र दिली तेव्हा हा अपाय दिसला नाही, पण लाभही दिसला नाही. आजार जडण्याच्या उंबरठ्यावरील तरुणांत ओमेगा-३ मुळे आजार टळतो असा व्हिएन्नाचा निष्कर्ष (२०१०, ८१ तरुण) गाजला; ३०४ तरुणांवरील बहुराष्ट्रीय अभ्यासात (२०१७) तो टिकला नाही. रॅटच्या मेंदूतील विकरांचे मोजमाप चुकलेले नव्हते. त्यापासून रुग्णाच्या बऱ्या होण्यापर्यंतचा पूल त्या मोजमापाने बांधलेला नव्हता, एवढेच.

उंदराला विचारता येणारा प्रश्न

उंदराला भास होतात का, हे त्याला विचारता येत नाही, असा जुना आक्षेप आहे. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात श्माक, केपेक्स व सहकाऱ्यांनी त्याला कल्पक उत्तर दिले. गोंगाटात सूर ऐकू आला का, हे माऊसने खूण करून सांगायचे आणि बक्षिसासाठी किती वेळ वाट पाहतो यावरून त्याची खात्री मोजायची. सूर नसताना तो खात्रीने 'ऐकला' म्हणाला की तो भाससदृश अनुभव. केटामिनने असे अनुभव वाढले, डोपामिन वाढवल्यानेही वाढले, हॅलोपेरिडॉलने उतरले. हाच प्रयोग माणसांवरही करता येतो, हे त्याचे बलस्थान. तरी तो एका लक्षणाचा अभ्यास आहे. आयुष्य विसकटणाऱ्या आजाराचा नव्हे.

नव्या औषधांचा इतिहासही जुन्या वळणाने गेला. झॅनोमेलिन हे द्रव्य १९९० च्या दशकात विस्मरणाच्या आजारावर तपासले जात असताना वृद्ध रुग्णांतील भास व संशय घटल्याचे दिसले. डोपामिनचे ग्राहीस्थान न अडवणारे हे औषध ट्रॉस्पियमच्या जोडीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मान्य झाले. ते ॲसिटिलकोलीनच्या ज्या ग्राहीस्थानांद्वारे काम करते त्यांचा तपशील जनुके काढून टाकलेल्या माऊसवरील प्रयोगांनी भरला, पण वाट आधी रुग्णांनी दाखवली होती. त्यांपैकी एकाच ग्राहीस्थानावर नेम धरून बनवलेले एमराक्लिडिन हे औषध प्राण्यांत व सुरुवातीच्या छोट्या चाचणीत आश्वासक ठरले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्याचे जाहीर झाले. त्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या रुग्णांची लक्षणेही मोठ्या प्रमाणात उतरली होती, आणि औषध त्यांच्यापुढे जाऊ शकले नाही.